डॉ. भाऊ दाजी लाड : पथ्य, त्वचा आणि न सांगितलेले औषध

सावित्री नदीच्या खोऱ्यात, महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, घरातल्या कोणाच्या अंगावर खाज उठली की पहिली बंदी येते ती ताटावर. बोंबील बंद, सुकट बंद, वांगे बंद, अंडे बंद. मासे आणि दूध एकाच जेवणात पोटात गेले होते काय, याची चौकशी होते. मग ते पावसाळ्यात ओल्या कपड्यांमुळे पसरलेले गजकर्ण असो, लहान मुलाच्या कोपराच्या खोबणीतला इसब असो किंवा रात्रीत उठून सकाळी मावळणारे पित्त असो; दोषी ठरतो तो आहारच. ही समजूत केवळ कोकणातली नाही आणि केवळ अडाणीपणाची तर मुळीच नाही. तिच्यामागे दोन हजार वर्षांची वैद्यकपरंपरा उभी आहे. तिच्यात किती तथ्य आहे, हा प्रश्न मात्र आधुनिक वैद्यकालाही बराच काळ सुटला नव्हता.

या परंपरेकडे आदराने, पण परीक्षकाच्या नजरेने पाहणाऱ्या पहिल्या भारतीय डॉक्टरांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव घ्यावे लागते. मुंबईकरांना हे नाव भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालयामुळे परिचित आहे. ज्यांच्या नावाने ते संग्रहालय ओळखले जाते त्या गृहस्थांनी आयुष्याची अखेरची वर्षे एका भयंकर त्वचारोगाच्या औषधाचा शोध घेण्यात घालवली, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

पेडण्याहून मुंबईला

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्यातील पेडणे भागातल्या एका साध्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जन्मवर्ष काही नोंदींत १८२२, तर काहींत १८२४ असे आढळते. वडिलांना दाजी म्हणत, त्यावरून मुलगा भाऊ दाजी झाला. पोट भरण्यासाठी कुटुंब मुंबईत आले. लहानग्या भाऊची बुद्धिबळातील चमक पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला वडिलांना दिला, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच ते शिक्षकही झाले. काठेवाड आणि कच्छमधील बालिकाहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले होते. समाजाच्या जखमेवर बोट ठेवण्याचा त्यांचा स्वभाव तेव्हाच दिसून आला.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिक्षकाची नोकरी सोडून भाऊंनी वैद्यकाची वाट धरली आणि कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते उत्तीर्ण झाले. १८५१ मध्ये त्यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला. थोड्याच वर्षांत त्यांचे नाव शहरातील नामांकित डॉक्टरांत घेतले जाऊ लागले. धनिकांकडून मिळालेला पैसा त्यांनी गरिबांच्या मोफत औषधोपचारांवर, ग्रंथांवर आणि हस्तलिखितांवर खर्च केला. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही डॉक्टर होते आणि छायाचित्रणाची कला आत्मसात करणाऱ्या आरंभीच्या मुंबईकरांपैकी एक होते.

भाऊंचे सार्वजनिक जीवन एका लेखात मावणारे नाही. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या फेलोंमध्ये त्यांची गणना होते. विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र सभेचे ते पहिले भारतीय अध्यक्ष. मुलींच्या शाळांचे खंदे पाठीराखे. १८६९ आणि १८७१ अशी दोनदा मुंबईची शेरीफपदाची सूत्रे सांभाळणारे नागरिक. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी कालिदासाच्या काळावर आणि अजिंठ्याच्या शिलालेखांवर शोधनिबंध वाचले. भायखळ्याच्या संग्रहालयाची कल्पना मांडून ती तडीस नेणाऱ्यांत जॉर्ज बर्डवूड यांच्या बरोबरीने त्यांनी काम केले. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला भाऊंचे नाव देण्यात आले.

१८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात त्यांच्यातल्या डॉक्टराची आणि नागरिकाची एकदमच कसोटी लागली. वल्लभ पंथातील जदुनाथजी महाराजांच्या वर्तनावर करसनदास मुळजी यांनी वृत्तपत्रातून टीका केली आणि महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. भाऊंनी न्यायालयात उभे राहून महाराजांना जडलेल्या गुप्तरोगाविषयी वैद्यकीय साक्ष दिली. शहरातील धनाढ्य भक्तवर्गाचा रोष ओढवून घेणारी ही साक्ष होती. रुग्णाच्या अंगावरील खुणा काय सांगतात, ते स्पष्ट बोलण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

पश्चिम समुद्राकाठचे झाड

इतके व्याप असलेल्या या डॉक्टरांनी महारोगाकडे, म्हणजे कुष्ठरोगाकडे वळावे, हे त्या काळी सोपे नव्हते. बोटे झडलेली, चेहरा विद्रूप झालेली माणसे घरातून आणि गावातून बाहेर टाकली जात. त्यांच्यापैकी अनेक जण मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागत. पाश्चात्त्य वैद्यकाकडे या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. कारणाविषयीही एकमत नव्हते. कोणी आनुवंशिकता सांगे, कोणी दूषित हवा, कोणी निकृष्ट अन्न.

अन्नावर बोट ठेवणाऱ्यांत साधेसुधे लोक नव्हते. जोनाथन हचिन्सन हे इंग्लंडमधील नामवंत शल्यचिकित्सक आणि त्वचारोगांचे जाणकार. नीट न टिकवलेले, कुजू लागलेले मासे खाण्यातून कुष्ठरोग होतो, असे मत त्यांनी १८६० च्या दशकापासून मांडले आणि १९१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. त्यासाठी पुरावे गोळा करायला ते विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातही येऊन गेले आणि १९०६ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. सुक्या मासळीवर पावसाळा काढणाऱ्या कोकणाला हे मत सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे होते.

भारतीय परंपरेतही आहाराचा धागा होताच. चरकसंहितेत विरुद्ध आहाराचे विवेचन आहे आणि दूध व मासे यांचा संयोग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कुष्ठाच्या कारणांत विरुद्ध अन्नाचा उल्लेख येतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. प्राचीन ग्रंथांतील कुष्ठ हा शब्द आजच्या कुष्ठरोगापुरता नाही. इसब, सोरायसिस, नायटा अशा अनेक त्वचाविकारांना त्या एका छत्राखाली स्थान होते. त्यामुळे एका विकाराला लागू पडलेले पथ्य दुसऱ्या दहा विकारांना चिकटले आणि पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिले.

भाऊ दाजी संस्कृतचे जाणकार होते आणि जुने वैद्यकग्रंथ स्वतः वाचू शकत होते. त्या ग्रंथांतील औषधे आंधळेपणाने स्वीकारायची नाहीत आणि न तपासता टाकूनही द्यायची नाहीत, अशी त्यांची रीत होती. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन आहे. पश्चिम समुद्राकाठच्या भूमीत तो वाढतो, त्याच्या बियांचे तेल काढावे, ते कुष्ठाच्या रोग्याला द्यावे आणि त्या काळात त्याला मुगाचे कढण व भात अशा हलक्या आहारावर ठेवावे, असा तो विधी आहे. अभ्यासक या वृक्षाची ओळख कडू कवठाशी जोडतात. सह्याद्रीच्या पश्चिम उतारांवर, ओढ्यांच्या काठी, सावलीच्या ओलसर जागी वाढणारे हे कोकणचे झाड आहे. त्याचे टणक, तपकिरी, गोल फळ फोडले की गरात दाटीने बसलेल्या बिया दिसतात. हे फळ ठेचून पाण्यात टाकले की मासे गुंगतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला दिलेल्या जुन्या लॅटिन नावांपैकी एकाचा अर्थही गुंगी आणणारे असाच होता.

बंगालमध्ये याच कुळातल्या चालमोगरा तेलाची माहिती फ्रेडरिक मोआट यांनी १८५४ मध्ये पाश्चात्त्य वैद्यकापुढे ठेवली होती. मुंबईत भाऊंनी कुष्ठरोग्यांवर सुरू केलेल्या उपचारात कडू कवठाच्या बियांचे तेल हेच मुख्य औषध होते, असे नंतरच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथांत नमूद आहे. औषधाला आहाराच्या नियमनाची जोड होती. चट्टे फिके पडणे, बधिर कातडीत संवेदना परतणे, व्रण भरणे असे गुण काही रुग्णांत दिसले आणि त्यांच्या उपचारांचा बोलबाला मुंबईबाहेरही झाला.

राहून गेलेले

गुण दिसत असूनही भाऊंनी औषधाचे नाव जाहीर केले नाही. रोग कायमचा हटतो की काही काळ दबून पुन्हा उसळतो, याची खात्री पटल्याशिवाय बोलायचे नाही, असा त्यांचा निश्चय असल्याचे सांगितले जाते. कुष्ठरोग वर्षानुवर्षे चालणारा आणि मध्येच आपोआप ओसरल्यासारखा भासणारा रोग असल्याने ही सावधगिरी शास्त्राला धरूनच होती. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जे औषध गुप्त आहे, ते दुसरा डॉक्टर तपासून पाहू शकत नाही. तेलाने किती काम केले, पथ्याने किती आणि चांगल्या अन्नाने व देखभालीने किती, हे वेगळे काढण्याचा मार्गच त्यामुळे बंद राहिला.

१८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे गेरहार्ड हॅन्सेन यांनी कुष्ठरोग्यांच्या गाठींत जिवाणू पाहिले. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित असलेले आणि मुंबईत कुष्ठरोगाचा अभ्यास करणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच सुमारास नॉर्वेची कुष्ठालये पाहायला गेले. रोगाचे कारण अन्नात नसून जंतूत आहे, या निष्कर्षाकडे जाणारी वाट उघडत होती आणि मुंबईत तिची वार्ता पोहोचत होती. भाऊंना मात्र अर्धांगवायूने गाठले होते. मे १८७४ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले. त्यांनी जमवलेली हस्तलिखिते एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आजही त्यांच्या नावाने आहेत. इतिहासाविषयी त्यांनी शोधलेले बरेच काही छापले गेले. ज्या औषधाची शेकडो अभागी माणसे वाट पाहत होती, त्याची पद्धतशीर नोंद मात्र त्यांच्या हातून राहून गेली.

पुढची अनेक दशके चालमोगरा आणि कडू कवठाची तेलेच कुष्ठरोगावरील मुख्य औषध म्हणून जगभर वापरली गेली. पोटात घेतल्यास मळमळ, टोचून घेतल्यास असह्य वेदना आणि गुण अनिश्चित, अशी त्यांची गत होती. १९१५ च्या सुमारास हवाई बेटांवर अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ महिलेने ते तेल टोचता येईल अशा रूपात आणले. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि त्यांतील डॅप्सोनने चित्र पालटले. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार सुरू झाला आणि रोग खऱ्या अर्थाने बरा होऊ लागला. त्यासाठी रुग्णाला मासे सोडावे लागत नाहीत. हचिन्सन यांचा सिद्धांत इतिहासजमा झाला.

मग आहाराचा संबंध काय?

अन्नाची निर्दोष सुटका झाली, असे मात्र म्हणता येणार नाही. भाऊंच्या निधनानंतर ३२ वर्षांनी, १९०६ मध्ये, व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी अ‍ॅलर्जी हा शब्द घडवला. मराठीत आपण ज्याला वावडे म्हणतो, त्याला शास्त्रीय चौकट मिळाली. १९२१ मध्ये जर्मनीत कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. क्यूस्टनर यांना माशांचे वावडे होते. त्यांच्या रक्तातील द्रव प्राउसनिट्झ यांच्या कातडीत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. जेथे एरवी काहीच घडले नसते, तेथे खाजरी गांधी उठली. वावडे अन्नात नसून खाणाऱ्याच्या रक्तात असते, हे त्यातून दिसून आले. ज्या माशावर कुष्ठरोगाचा खोटा आळ आला होता, त्याच माशाने काही थोड्या माणसांच्या त्वचेवर खरोखरच पुरळ उठते, हेही सिद्ध झाले.

आजचे ज्ञान या प्रश्नाचे एकच उत्तर देत नाही. ते रोगागणिक वेगळे उत्तर देते. लहान मुलांच्या इसबाचा आणि अन्नाच्या वावड्याचा संबंध खरा आहे. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या बालकांपैकी साधारण एकतृतीयांश मुलांना दूध, अंडे, शेंगदाणा यांसारख्या एखाद्या पदार्थाचे वावडे आढळते. मात्र अनेकदा क्रम उलटा असतो. इसबाने फाटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण शरीरात शिरतात आणि तेथून वावडे सुरू होते. म्हणून बाळाच्या त्वचेची निगा हाही वावडे टाळण्याच्या प्रयत्नांचा भाग मानला जातो. मोठ्या माणसांच्या इसबात अन्नाचा हात क्वचितच असतो.

खाल्ल्यावर मिनिटांत किंवा तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, तर वावड्याची शंका रास्त आहे. श्वास अडकला तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. सहा आठवड्यांहून अधिक काळ रोज उठणारे पित्त मात्र बहुधा अन्नामुळे नसते. गजकर्ण हा बुरशीचा आणि खरूज हा किड्यांचा विकार. तेथे वांगे सोडून काहीही साधत नाही. कोडाचा दूध-माशांच्या संयोगाशी संबंध असल्याचा पुरावा नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा रंगपेशींवरच उलटल्याने तो होतो.

सागरकिनाऱ्यापासून आत असलेल्या महाड-पोलादपूरसारख्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बांगडा किंवा कुपा यांसारखी मासळी बर्फाविना तापली, तर तिच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ साचतो. ती खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंग खाजते, पुरळ उठते. हे वावडे नव्हे, ती विषबाधा होय. शिजवल्याने तो पदार्थ नष्ट होत नाही. ताजी मासळी खाल्ल्यावर त्याच माणसाला काही होत नाही. जुन्या लोकांनी शिळ्या मासळीवर घेतलेला संशय इतपत खरा होता.

आणि एक विकार असा आहे, ज्यात पथ्य हाच पाया आहे. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस नावाच्या या दुर्मीळ पण दीर्घकाळ चालणाऱ्या रोगात कोपरे, गुडघे आणि ढुंगणावर विलक्षण खाजणारे फोड येतात. त्याचे मूळ गहू आणि जव यांतील ग्लुटेनमध्ये असते. ते खाणे सोडले की रोग हळूहळू आटोक्यात येतो. तोवर खाज थांबवण्यासाठी डॉक्टर जे औषध देतात, ते डॅप्सोन. कुष्ठरोगावरचे औषध येथे अन्नातून उद्भवलेल्या त्वचारोगावरही उपयोगी पडते. दोन्हींत औषध एक, पण पहिल्यात पथ्य निरर्थक आणि दुसऱ्यात अत्यावश्यक.

हा भेद न करता घातलेल्या बंदीची किंमत मुले मोजतात. कोकणातल्या गरीब घरात अंडे आणि मासळी हीच प्रथिनांची स्वस्त सोय आहे. ती महिनोन्‌महिने बंद झाली तर खाज तशीच राहते आणि मूल मात्र वाळते. शंका असेल तर काय खाल्ले, किती वेळाने काय उठले, याची नोंद ठेवावी, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, गरज पडल्यास त्याच्या देखरेखीखाली एखादा पदार्थ ठरावीक काळ बंद करून पुन्हा देऊन पाहावा. फरक पडला नाही तर तो पदार्थ ताटात परत यावा, हाही त्या चाचणीचाच भाग आहे.

जुन्या ग्रंथातले औषध रुग्णावर तपासून पाहण्याची दृष्टी भाऊ दाजींनी दीडशे वर्षांपूर्वी दाखवली. तपासलेले लिहून ठेवण्याचे आणि सर्वांपुढे मांडण्याचे काम त्यांना आयुष्याने पुरे करू दिले नाही. कडू कवठाची झाडे कोकणातल्या ओढ्यांकाठी अजून फळतात. त्यांच्या तेलाची गरज आता कुष्ठरोग्यांना उरलेली नाही. घरोघरी घातल्या जाणाऱ्या पथ्यांची तपासणी मात्र अजून बाकी आहे.